धाव आणि चाकोरी

'चाकोरी' हा शब्द मराठी समीक्षेने बराच झिजवला आहे. एखाद्या लेखकाची थोरवी सांगायची तर त्याने 'चाकोरीबाहेरचे' लिहिले असे म्हणायचे, आणि एखाद्याला निकालात काढायचे तर तो 'चाकोरीबद्ध' ठरवायचा, असा आपला रिवाज. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र साधा, मातीतला आहे. बैलगाड्यांच्या वारंवार जाण्यायेण्याने वाटेत पडणारा चाकांचा खोल माग म्हणजे चाकोरी. आणि तो माग पाडणारी, लाकडी चाकावर तापवून चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. इंग्रजीतील 'टायर' या शब्दाचे मूळ कोशकार 'अटायर' म्हणजे वेशभूषा या शब्दात शोधतात; चाकाला घातलेला पोशाख तो टायर. आपल्याकडे त्याच वस्तूला तिच्या कामावरून नाव मिळाले. जी धावते ती धाव.

हे सारे आठवण्याचे निमित्त अगदी गद्य आहे. मागील उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्या स्टाफरूममध्ये एका तरुण सहकाऱ्याने प्रश्न टाकला: मोटरसायकलचे दोन्ही टायर बदलायचे आहेत, कोणते घ्यावेत? हा गृहस्थ नगरहून रोज तीस किलोमीटर येतो, तितकाच परत जातो, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी भंडारदऱ्याकडे किंवा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी फेरी मारून येतो. उत्तरे देण्यास अर्थातच सारे सरसावले. कोणी म्हणाले रुंद घे, गाडी भारदस्त दिसते. कोणी बटण टायर सुचवला, कोणी रेडियल. कोणी म्हणाले, अजून एक पावसाळा काढ, नक्षी शिल्लक आहे. आम्ही दोघे त्या दिवशी काही बोललो नाही. आमच्यापैकी एकाला न बोलण्याचे कारण होते, ते पुढे येईलच. पण नंतर जाणवले की ज्या प्रश्नाला इतकी उत्तरे सहज मिळाली तो प्रश्नच आमच्या जिल्ह्यात फार जुना नाही. 'कोणता टायर?' असे विचारण्याची सोय आमच्या वडिलांच्या पिढीला जवळजवळ नव्हती.

धावेच्या काळात निवड ग्राहकाची नसे, ती सुताराची आणि लोहाराची असे. सुतार तुंबा, आरे आणि वरचा लाकडी घेर जुळवी. लोहार त्या घेरापेक्षा किंचित लहान अशी लोखंडी धाव करी, शेणींच्या जाळात लाल होईपर्यंत तापवी आणि प्रसरण पावलेली ती धाव चाकावर ठोकून वरून पाणी ओती. थंड होताना लोखंड आवळे आणि सारे चाक एकजीव होई. कारागिराला गाडी कोणती, ओझे कोणते, वाट कोणती हे ठाऊक असे, कारण तोही त्याच गावचा आणि त्याच वाटेने जाणारा. या धावेचा एकच मोठा दोष होता: ती वाट कापत जाई. पावसाळ्यात नेवासे-शेवगावकडच्या काळ्या मातीत या चाकोऱ्या इतक्या खोल जात की गाडीचा आख जमिनीला टेके.

रबराची कथा याच्याशी समांतर, पण दूर देशी घडत होती. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याने गंधकाच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची रीत शोधली. १८४५ साली रॉबर्ट थॉमसन याने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, पण त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. आणि १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच कल्पना पुन्हा साकारली. भारतात डनलॉपचा कारखाना १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला उभा राहिला. मद्रासची एमआरएफ १९४६ साली खेळण्यातले फुगे करणारा उद्योग म्हणून सुरू झाली आणि साठीच्या दशकात टायरकडे वळली. तर मूळ तुरीन शहराच्या सिएट कंपनीचा भारतीय कारखाना १९५८ साली मुंबईत भांडुपला आला.

आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यांत मात्र हवा भरलेल्या टायराची ओळख पुष्कळांना मोटारीमुळे झाली नाही, उसामुळे झाली. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे मुळा-प्रवरेच्या पाण्यावर एकामागून एक कारखाने आले. लाकडी चाकांच्या गाडीपेक्षा रबरी चाकांची गाडी तीच बैलजोडी अधिक ओझ्यासह ओढू शकते, हे गणित कारखान्यांना चटकन कळले. ऊसतोड कामगारांच्या बोलीत आजही 'गाडी सेंटर', 'टायर सेंटर' आणि 'डोकी सेंटर' असे भेद आहेत: कोण लाकडी गाडीने ऊस वाहतो, कोण टायरगाडीने आणि कोण डोक्यावरून. पाथर्डी-शेवगावच्या माणसाला टायर हा शब्द असा आपल्या मजुरीच्या प्रकाराचे नाव म्हणून आधी भेटला. सुखाची वस्तू म्हणून तो बराच नंतर आला.

पुढचे वळण १९७२ सालचे. या वर्षाकडे आम्ही नेहमी थोडे थबकून पाहतो. एकीकडे महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ होता आणि नगर जिल्हा त्याच्या ऐन तडाख्यात सापडला होता. पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते यांच्या कामांवर लाखो हात लागले. पुढे कायद्याचे रूप घेणाऱ्या रोजगार हमी योजनेची बीजे याच काळातली. उन्हात बसून खडी फोडणाऱ्या बाया, दुपारची सुकडी आणि शनिवारचा पगार यांच्या आठवणी सांगणारी माणसे प्रत्येक गावात अजून आहेत. त्याच वर्षी, त्याच नगर शहरात, फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना आली. पियाजिओ या इटालियन कंपनीच्या मोपेडवर आधारलेली ही पन्नास सीसीची पायडलवाली गाडी दौंड रस्त्यावरच्या कारखान्यातून निघून देशभर गेली. एका बाजूला खडीचे रस्ते घडत होते आणि दुसऱ्या बाजूला त्या रस्त्यांवर शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाला यांना नेणारे वाहन. या दोन गोष्टी कोणी ठरवून एकत्र आणल्या नव्हत्या. तरी त्या एकमेकींना लागू पडल्या खऱ्या.

लूनाचे चाक सायकलच्या चाकाचे थोरले भावंड होते. टायर अरुंद, आरे तारेचे, आत ट्यूब. त्यामुळे गावातल्या सायकलवाल्याला ते परके वाटले नाही. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे, कानशीने घासून ठिगळ लावायचे, इतक्यात काम होई. पण 'कोणता टायर घ्यावा' हा प्रश्न तेव्हाही नव्हता. दुकानात जो असेल तो, आणि नसेल तर जुनाच. चेतक स्कूटरही १९७२ मधलीच. तिच्यासाठी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तिच्या दहा इंची चाकांना निदान एक सोय होती: पुढचे, मागचे आणि पाठीशी टांगलेले तिसरे चाक परस्परांत बदलता येई. त्या तिसऱ्या चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी जे जादा चाक तयार होई त्याचे हे नाव; ते आपल्या बोलीत असे काही रुजले की त्याचे परकेपण कोणाला आठवतही नाही.

टंचाईच्या त्या काळाने आम्हांला काटकसर शिकवली आणि तिच्यासोबत एक घातक सवयही लावली. टायर 'पुरवायचा' असतो, ही ती सवय. नक्षी गेली की तो रिमोल्ड करून आणायचा. फाटला की आतून जुन्या टायरचा तुकडा घालायचा. कापडाचे धागे दिसेपर्यंत चालवायचा. आमच्या वडीलधाऱ्यांनी हे केले यात त्यांचा दोष नव्हता. त्यांची गाडी ताशी तीस-चाळीसच्या वर क्वचितच जाई आणि रस्त्यावर गर्दीही नसे. गाड्या बदलल्या, सवय मात्र तशीच राहिली. १९८५ साली शंभर सीसीची हीरो होंडा आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला, २००१ साली पल्सर आली. वेग वाढला, मागचे टायर रुंद झाले, पुढे ट्यूबलेस आले. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीवरील प्रत्येक नव्या दुचाकीला चाक अडकू न देणारी एबीएस ब्रेकयंत्रणा आणि त्याखालील गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस सक्तीची झाली. नव्या वाहनाला मान्यता देणाऱ्या ज्या संस्थांची नावे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेत त्यांत नगरची वाहन संशोधन व विकास संस्थाही आहे, हे आमच्या गावाचे भूषण. परंतु ब्रेक कितीही शहाणा असला तरी तो थांबवतो चाकाला. गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. प्रत्येक चाकाखाली ही पकड जेमतेम तळहाताएवढ्या जागेत असते. त्या दोन तळहातांवर दोन माणसे, त्यांची दप्तरे आणि कधी मध्ये बसलेले एक मूल, असा सारा संसार चाललेला असतो.

आता ते न बोलण्याचे कारण. २०२१ सालच्या दिवाळीत आमच्यापैकी एकाने मागचा टायर बदलला. दुकानदाराने 'नवा कोरा' म्हणून दिला, वर सवलतही दिली. नक्षी खोल, रबर काळेभोर, किरकिर करण्यासारखे काहीच नव्हते. तीन आठवड्यांनी, ऐन गाळपाच्या हंगामात, अवकाळी पावसाची एक सर येऊन गेल्यावर तो राहुरीकडून परतत होता. उसाच्या ट्रॉल्यांनी शेतातून आणलेली चिकण माती डांबरावर पसरलेली होती. समोरच्या ट्रॉलीने वेग कमी केला, याने ब्रेक दाबला आणि मागचे चाक बाजूला निघून गेले. वेग चाळीसही नव्हता. पायाचे हाड मोडले, दोन महिने घरी बसावे लागले. मागे बसलेल्या पत्नीच्या मनगटात आजही हिवाळ्यात कळ येते. दोष पावसाचा, ट्रॉलीचा, नशिबाचा असे सर्वांनी म्हटले आणि आम्हीही ते मान्य केले होते. पुढे पंक्चर काढायला गेलो तेव्हा त्या म्हाताऱ्या कारागिराने टायरच्या बाजूवर बोट ठेवून विचारले, "सर, हा टायर केव्हाचा?" तिथे लंबगोल चौकटीत चार आकडे होते: २४१५. म्हणजे २०१५ सालचा चोविसावा आठवडा. 'नवा' टायर सहा वर्षांहून अधिक काळ कुठेतरी पडून होता. नक्षी शाबूत होती, पण रबर मेले होते. हवा, ऊन आणि काळ यांनी रबर कडक होत जाते. नख दाबले तर ते दबत नाही, आणि ओल्या डांबराला धरून राहण्याचा त्याचा गुण नाहीसा होतो. चिखलात नवा टायरही घसरला असता, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्याला सावरण्याची एक संधी असती, आणि ती आम्ही वाचता येत असूनही न वाचल्यामुळे गमावली. आयुष्यभर संहितेचे बारकावे शिकवणाऱ्या माणसाने चार आकड्यांची संहिता डोळ्यांआड करावी, याची लाज अजून वाटते.

म्हणून तरुण सहकाऱ्याला आम्ही नंतर जे सांगितले ते येथे नोंदवतो. पहिली गोष्ट, आपली चाकोरी मोजावी. रोजचे साठ किलोमीटर, वर्षाचे कामाचे दिवस साधारण २४० धरले तर १४,४०० किलोमीटर झाले. महिन्याला भंडारदऱ्याची एक फेरी जाऊन-येऊन तीनशेच्या घरात, म्हणजे वर्षाला ३,६००. एकूण अठरा हजारांत पाचांपैकी चार भाग रोजच्या डांबरी वाटेचे आहेत. टायर त्या चार भागांसाठी घ्यावा. बटण टायर रविवारच्या फोटोत शोभतो, शेताच्या मऊ मातीत पकडतोही. पण डांबरावर त्याच्या गोट्यांमधल्या मोकळ्या जागेएवढी पकड वाया जाते, तो आवाज करतो आणि लवकर झिजतो. मधला पट्टा बराचसा अखंड आणि दोन्ही बाजूंना पाणी बाहेर काढणारे खोल चर, अशी नक्षी नगर-संगमनेरच्या डांबराला जशी चालते तशी राजूरच्या पुढच्या ओल्या वळणांनाही चालते. जिल्ह्याच्या पूर्वेला पाऊस पाचसहाशे मिलिमीटर पडतो आणि पश्चिमेला घाटघरकडे त्याच्या कितीतरी पट. म्हणून चर हवेतच, पण त्यासाठी रानातला टायर नको.

दुसरी गोष्ट, टायरवरचा मजकूर वाचावा. शंभर सीसीच्या एखाद्या गाडीवर ८०/१००-१८ असे लिहिलेले असते: रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शंभर टक्के, चाकाचा व्यास १८ इंच. पुढे ४७पी किंवा ५४पी असे येते. ४७ म्हणजे १७५ किलो भार, ५४ म्हणजे २१२ किलो, आणि 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. माप तेच असूनही मागच्या टायरचा आकडा मोठा असतो, कारण मागे माणूस बसतो. तेव्हा माप जुळले म्हणून कमी आकड्याचा टायर मागे घालू नये. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या मापापेक्षा फार रुंद टायर त्या रिमवर नीट बसत नाही, वळताना गाडी जड वाटते आणि पेट्रोलही जास्त लागते. एका चाकाला रेडियल आणि दुसऱ्याला साधा, अशी जोडी मनाने लावू नये. आयएसआय चिन्ह पाहावे आणि ते चार आकडे दुकानातच वाचावेत. वर्ष दोन वर्षांहून जुने असेल तर नम्रपणे दुसरा टायर मागावा.

तिसरी गोष्ट काट्यांची. आमच्याकडे वेड्या बाभळीचा काटा रस्त्यावर नसेल असा दिवस विरळा. मिश्रधातूच्या चाकांवर ट्यूबलेस टायर असेल तर काटा घुसूनही हवा हळूहळू जाते आणि माणूस सावरून बाजूला थांबू शकतो. ट्यूब फाटली तर हवा एकदम जाते. तारेच्या आऱ्यांच्या साध्या चाकावर मात्र ट्यूबलेस बसवण्याचा हट्ट धरू नये, कारण आऱ्यांच्या भोकांतून हवा निघत राहते. तिथे चांगली ट्यूब घालावी. हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. मागे माणूस असेल तर त्यासाठी वेगळा आकडा दिलेला असतो. नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवावा, कारण कारखान्यातून येताना त्याचा पृष्ठभाग थोडा निसरडा असतो.

चौथी गोष्ट, केव्हा बदलावा. दुचाकीच्या नक्षीची खोली कायद्याने किमान ०.८ मिलिमीटर सांगितली आहे आणि चरांच्या तळाशी झीज दाखवणारे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. पण हा आकडा तळाचा आहे. तिथे पोचण्याची वाट पाहणे म्हणजे पस्तीस गुणांवर पास होणाऱ्या विद्यार्थ्याला सर्जन करणे. टायर बदलायचा तर मृगाच्या आधी बदलावा. 'अजून एक पावसाळा काढ' हा स्टाफरूममधला सल्ला टंचाईच्या काळातून आलेला आहे. ती टंचाई आता नाही. सल्ला मात्र वारशाने चालू आहे.

अहमदनगर जिल्हा २०२४ साली अहिल्यानगर झाला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत लूनाही विजेवर चालणाऱ्या नव्या रूपात परत आली. बोलताना आम्ही अजून नगरच म्हणतो. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी उन्हात बसून खडी फोडली त्यांच्यापैकी कित्येकांना त्या रस्त्यावरून स्वतःच्या गाडीवर जाण्याचा योग आला नाही. आम्हांला आला, आणि वर टायर निवडण्याची मुभाही मिळाली.

सहकाऱ्याने अखेर कंपनीच्या मापाचेच, साध्या नक्षीचे, त्याच वर्षी तयार झालेले दोन टायर घेतले. रविवारी भंडारदऱ्याला जाऊन आला. गाडी कशी चालली असे विचारले तर म्हणाला, टायरकडे लक्षच गेले नाही. आम्हांला ते उत्तर पुरेसे वाटले.